उंबराचं पाणी, थंड की साधं?

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग भूक लागते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मोठमोठ्यांना घाम फुटताना पाहिला. पण लग्नकार्यात चार नातेवाईक जमले की फर्माईश होते ती या केसचीच. बायको म्हणते, "सांगा, पण आधी लोकांना जेवू द्या, नाहीतर ताटं गार होतील." नावं मी कोणाचीच सांगणार नाही. सगळे हयात आहेत आणि आपापला धंदा करून आहेत.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीच्या एका टोकाला, वाकोल्याच्या अंगाला, जुनी गावठाणं. अरुंद गल्ल्या, चौकात क्रूस, कुठे कुठे अजून जिवंत असलेली विहीर. दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती. सकाळची हजेरी झाली आणि बंदोबस्ताची माणसं रवाना झाली की मी अर्ज वाचायला बसायचो. अर्जात काय नसायचं? वरचे फर्निचर सरकवतात, खालचे मुद्दाम सुके बोंबील भाजतात, शेजाऱ्याचा पोपट शिव्या देतो. त्यात एके दिवशी एक स्पायरल बाइंडिंग केलेला अर्ज आला. बाइंडिंग केलेला अर्ज पाहिला की माझं डोकं फिरतं. खरोखर दुखावलेला माणूस अर्जाला टाचणी लावायलाही विसरतो, हा माझा अनुभव.

अर्जदार होते पवईत गाळा घेऊन जेवणाच्या ऑर्डरी पुरवणारे एक गृहस्थ. आपण त्यांना पवईकर म्हणू. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर'. त्यांचा धंदा ईस्ट इंडियन जेवणाचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या, मराठी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांच्या पद्धतीच्या जेवणाचा. तक्रार अशी, की आमच्या हद्दीतल्या गावठाणातल्या एका बाईंनी त्यांची वेबसाइट शब्दन् शब्द चोरली. तेच फोटो, तीच वाक्यं, फक्त वरचं नाव वेगळं. वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीकडे त्यांनी आधीच तक्रार करून बाईंची साइट बंद पाडली होती. आता पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, एवढंच मागणं होतं.

अर्ज आला म्हणजे चौकशी आली. आमच्या एक सब-इन्स्पेक्टर बाई कॉम्प्युटरमध्ये हुशार होत्या. त्यांच्याकडे चौकशी दिली आणि गावठाणातल्या बाईंना समजपत्र धाडलं.

बाई आल्या त्या तडक माझ्या टेबलासमोर. वय पन्नाशीच्या पुढचं, हात मसाल्यानं पिवळसर, आवाज असा की बाहेर वायरलेसवर बसलेला शिपाई आत डोकावला. घरी मसाला कुटायच्या आणि लग्नाबारशाच्या ऑर्डरी घ्यायच्या. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली तेव्हा एका ओळखीच्याकडून त्यांनी वेबसाइट बनवून घेतली. मजकूर त्यांनी स्वतः सांगितलेला, फोटो त्यांच्याच पातेल्यांचे. साइटमुळे बोरिवली, मुलुंडपर्यंतच्या आपल्या माणसांच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या.

सब-इन्स्पेक्टर बाईंनी पुरावा विचारला. साइट बनवणारा कॅनडात निघून गेलेला, जुनं काहीच ठेवलेलं नाही. फोटो जुन्या फोनमधले, तो फोन बिघडला आणि बदलून टाकला. हे सगळं कोणाकडून शिकलात, कोणी साक्षीदार, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या की सासूकडून शिकले, तिला विचारा, ती सिमेट्रीत हाय.

मला हसू आलं, पण बाई हसल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "साहेब, ऑर्डरी गेल्या त्या परत येतील. पण गावठाणात बोलतात, हिनं चोरी केली म्हणून हिचं दुकान बंद केलं. रविवारी चर्चमधून बाहेर येते तर बायका मला बघून गप होतात. आमचे घरान चोर कधी नव्हता."

हे ऐकून माझ्या जिवाला लागलं. पण पोलीस ठाण्यात जिवाला लागून भागत नाही, कागद लागतो, आणि कागद होता पवईकरांच्या बाजूनं. सब-इन्स्पेक्टर बाईंनी माहिती काढली तर पवईकरांच्या साइटचं नाव बाईंच्या साइटच्या बऱ्याच आधी नोंदलेलं. नंतर कळलं की त्या नावावर ते पूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचे. पण त्या दिवशी एवढंच दिसत होतं की त्यांचं आधीचं आणि बाईंचं नंतरचं. सब-इन्स्पेक्टर बाईंचं मत झालं की बाईंनीच नक्कल केलीय. मी दोन्ही साइटचे छापील कागद शेजारी ठेवून चष्मा पुसून पुसून वाचले. स्वल्पविरामसुद्धा सारखे. जुळी मुलं आणून उभी केली आणि विचारलं थोरला कोण, तर काय सांगणार?

मग आला ट्रंपेटवाला.

गावठाणातल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा हा माणूस लग्नाच्या मोसमात लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी आमच्याकडे हमखास यायचा. येताना नेहमी हसतच यायचा, पण त्या दिवशी त्याला हसू आवरेना. ठाणे अंमलदारानं हटकलं तर म्हणाला, साहेबांनाच सांगतो. मी आत बोलावलं.

झालं होतं असं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याच हद्दीत, अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात त्याचा बँड ठरलेला. नवरीच्या बापानं जेवणाची ऑर्डर ऑनलाइन दिली होती, पवईच्या कोणातरी माणसाला. त्या माणसाचा काल नवरीच्या बापाला फोन आला. त्यानं विचारलं, "उंबराचं पाणी थंड देऊ की साधं?" बापाला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतोय. तो म्हणाला, आंघोळीचं आहे, कोमट द्या. त्यावर पलीकडच्या माणसानं 'ओके सर' म्हणून फोन ठेवला. एवढं सांगून ट्रंपेटवाला टेबल धरून हसायला लागला.

मला काही हसू येईना, कारण मला विनोदच कळला नाही. उंबर म्हटलं की मला दत्ताचं देऊळ आठवणार. मी विचारलं, "उंबराचं पाणी म्हणजे काय?"

तो चकितच झाला. इतकी वर्षं परवानगी देता आणि कशाची देता ते ठाऊक नाही? मग त्यानं समजावलं. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या संध्याकाळी घरचे लोक बँड लावून, नाचत, विहिरीवर जातात. घड्यात पाणी भरून वाजतगाजत घरी आणतात आणि त्या पाण्यानं नवऱ्याला, नवरीला आंघोळ घालतात. मांडवाला उंबराची फांदी बांधतात, म्हणून उंबराचं पाणी. पण त्यांच्यात नुसतं 'उंबराचं पाणी' म्हटलं की त्यात ती सगळी संध्याकाळ आली. विहीर, बँड, नाच आणि मग पोटभर जेवण. उंबराच्या पाण्याला या, म्हणजे जेवायला या.

मी टेबलावरचे दोन्ही कागद पुन्हा ओढले. बाईंच्या साइटवर एक ओळ होती: 'उंबराचं पाणी आणि लग्न, दोन्हीच्या ऑर्डरी घेतल्या जातील.' पवईकरांच्या साइटवरही तीच ओळ. पण खाली पदार्थांच्या यादीत, फुगे, खुडी, मोयल यांच्यानंतर, पवईकरांनी एक पदार्थ जास्तीचा घातला होता. उंबराचं पाणी, प्रति बाटली. इतके दिवस तो पदार्थ माझ्या नजरेखालून जात होता आणि मला वाटत होतं, असेल काहीतरी सरबत.

ट्रंपेटवाल्याची परवानगी मी जागेवर सही करून दिली. अशी खबर आणणाऱ्याला रांगेत उभा कोण करतो?

पवईकरांना लगेच फोन करून बोलावलं. बाईंनाही बोलावून कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि बजावलं की मी विचारल्याशिवाय तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्यांना हे जमेल याची मला खात्री नव्हती, म्हणून सब-इन्स्पेक्टर बाईंना शेजारी बसवलं.

चौकशीची माझी एक पद्धत होती. ज्याच्यावर संशय, त्याला आधी चहा पाजायचा आणि त्याच्या धंद्याचं कौतुक करायचं. धमकावलेला माणूस दार लावून घेतो, कौतुक केलेला माणूस घर दाखवतो. पवईकर तर हरखूनच गेले. साइटचा सगळा मजकूर स्वतः लिहिला म्हणाले, खूप रिसर्च केला सर, जुन्या लोकांत जाऊन बसलो. मी एकेक पदार्थ विचारत गेलो. फुगे म्हणजे तळलेले, आतून पोकळ गोळे, बरोबर सांगितलं. खुडी, मोयल हे मटणा-कोंबडीचे प्रकार, तेही बरोबर. माणूस स्वयंपाकात कच्चा नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. बाकावर बाई पदर चावत होत्या.

मग मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सहज विचारलं, "आणि हे उंबराचं पाणी म्हणजे काय हो?"

"सर, ते आमचं स्पेशल," पवईकर खुलून म्हणाले. "ट्रॅडिशनल ड्रिंक आहे. उंबराच्या सालीचा काढा, त्यात गूळ, वेलची. जेवणानंतर घेतात, पोटाला थंड."

बाकाकडून एक विचित्र आवाज आला. मी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझंच हसू फुटलं असतं. मी विचारलं, मागणी कशी आहे? तर म्हणाले, तुफान आहे सर. लोक फोन करून विचारतात, उंबराच्या पाण्याला शंभर माणसं आहेत, कराल का? आधी मला रेसिपी सापडत नव्हती, कुठेच लिहिलेली नाही. मग मीच डेव्हलप केली. एवढं बोलून त्यांनी बॅगेतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. लेबल छापलेलं होतं, वर उंबराचं झाड.

माझ्या हवालदारानं कर्तव्य म्हणून एक घोट घेतला. चेहरा वाकडा न करता तो बाहेर गेला, आणि मग बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

इथपर्यंत मला मजा येत होती. पण पवईकर पुढे बोलले आणि माझी मजा थांबली. म्हणाले, "उद्याच मोठी ऑर्डर आहे सर, अंधेरी पूर्वेला. उंबराच्या पाण्याला शंभर माणसं. शंभर बाटल्या भरून तयार आहेत."

मी विचारलं, आणि जेवण? ते म्हणाले, जेवण परवाचं, लग्नाचं. उद्या फक्त पाणी.

अरे देवा. उद्या संध्याकाळी शंभर माणसं नाचून-वाजवून भुकेली होऊन मांडवात बसणार, आणि टेम्पोतून उतरणार काय, तर सालीचा काढा. मी बाईंकडे वळून म्हटलं, आता बोला.

मला वाटलं होतं, बाई त्यांच्यावर तुटून पडणार. तसा हक्कच होता त्यांचा. पण बाई उठल्या, टेबलापाशी आल्या आणि पवईकरांना एकच प्रश्न विचारला, "कोणाचं लग्न?"

पवईकरांनी आडनाव सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. नवरीची आई त्यांच्या लहानपणची ओळखीची. मग त्यांनी शांतपणे, दोन वाक्यांत, उंबराचं पाणी म्हणजे काय ते सांगितलं. पवईकरांचा चेहरा उतरत उतरत पार लेबलासारखा हिरवट झाला. नवरीच्या बापानं 'कोमट द्या' का म्हटलं ते त्यांना आता कळलं असावं. मग म्हणाले, "सर, साइट मी एकाला बनवायला दिली होती. त्याला या मॅडमची साइट दाखवली आणि म्हटलं, अशीच पाहिजे. त्यानं अशीच दिली. यार, सगळेच करतात सर." मग त्यांनीच तक्रार का केली? तर लोक दोन्ही साइट पाहून विचारायला लागले होते की खरी कोणती. आपण आधी ओरडलो तर आपण खरे ठरू, असा हिशेब होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त या बाइंडिंग करून आल्या होत्या.

मी रायटरला हाक मारली, जबाब घ्यायला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, माझा जबाब परवा घ्या. आज पीठ भिजवलं नाय तर उद्या फुगे नाय होणार."

सब-इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, अहो, ऑर्डर यांची आहे, फजिती यांची होऊ द्या की. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला माझी आई आठवली. म्हणाल्या, पोरीच्या उंबराच्या पाण्याला माणसं उपाशी उठली, तर तिला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. ह्याची फजिती दोन दिवसांत विसरतील, तिची नाय. आणि मग पवईकरांकडे वळून, "तुझ्याकडे मोठ्या शेगड्या हायत? पातेली?"

पवईकर म्हणाले, आहेत मॅडम.

"मॅडम नको. कांदे किती हायत ते बोल."

अशा रीतीनं, ज्यांची नक्कल झाली त्या बाई, ज्यानं नक्कल केली त्याच्या पवईच्या गाळ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पवईकरांचा लेखी जबाब मी त्याआधी घेतला, हे सांगायला नको. भावना आपल्या जागी आणि सही आपल्या जागी. मजकूर आणि फोटो आपले नाहीत, बाईंविरुद्धची तक्रार खोटी होती, हे त्यांनी कबूल केलं. तो जबाब सब-इन्स्पेक्टर बाईंनी त्याच दिवशी वेबसाइटच्या कंपनीला पाठवला. आधीचं मत त्यांनी इतक्या झटक्यात बदललं की कौतुक वाटलं. नवरीच्या बापाला बाईंनी स्वतः फोन केला. तो आधी संतापला, मग हसत सुटला आणि शेवटी म्हणाला, साइटवर उंबराचं पाणी लिहिलेलं बघितलं आणि वाटलं, लिहिणारा आपल्यातलाच असणार, म्हणून डोळे मिटून ऑर्डर दिली. बाई म्हणाल्या, लिहिणारी तुझ्यातलीच हाय रे, चोरणारा भायेरचा.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्या गावठाणात गेलो. बंदोबस्त पाहायला गेलो होतो, असं मी बायकोला सांगितलं होतं. ट्रंपेटवाला पुढे, मागे घडे घेतलेल्या बायका, लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या अशा नाचत होत्या की माझे शिपाई काठ्या बगलेत मारून ताल धरायला लागले. विहिरीवरून मिरवणूक परतली तेव्हा मांडवात पातेली लागली होती. फुगे गरम होते. खुडीचा रस्सा मी दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा हवालदाराच्या नावावर. पवईकर बाह्या सरसावून वाढत होते आणि बाई मागून सांगत होत्या, भरून वाढ, तुझ्या घरचं हाय काय?

नवरीच्या आईनं पहिला घास घेतला आणि भर मांडवात विचारलं, हा हात कोणाचा? कोणी सांगण्याआधीच दोन म्हाताऱ्या एकदम बोलल्या, हा तर तिचा मसाला. मग त्या बायका, ज्या चर्चबाहेर गप्प व्हायच्या म्हणे, त्यांच्यातल्या काही तिथेच होत्या. त्या उठून बाईंपाशी गेल्या. काय बोलल्या ते बँडमुळे मला ऐकू आलं नाही. बाई मात्र पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मला सांगायला लाज वाटत नाही, मीही चष्मा काढून डोळे पुसले. रस्सा तिखट होता असं मी शिपायांना सांगितलं.

बाईंनी तक्रार दिलीच, आणि द्यायलाच हवी होती. कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, पवईकरांनी त्यांची साइट उतरवली, पुढचं कोर्टानं पाहिलं. हल्ली ते साधं घरगुती जेवण देतात, आणि चांगलं देतात असं ऐकतो.

या केसनं मला काय शिकवलं? नोकरीभर मी आरोपींना विचारत आलो, कुठे होतास, कधी होतास, कोणाबरोबर होतास. 'म्हणजे काय' हा प्रश्न मी कधी कोणाला विचारलाच नव्हता. आपल्याला कळलं नाही हे समोरच्याला दाखवायचं नाही, अशी खात्याची सवय. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी तो प्रश्न रोज विचारला. बिल्डरांना विचारला, एजंटांना विचारला, एकदा एका वकिलालाही विचारला. ज्यानं काम स्वतः केलेलं असतं तो हसून सांगतो. ज्यानं उचललेलं असतं तो काढा उकळायला लागतो.

बाईंची साइट पुन्हा सुरू झाली त्या दिवशी त्या पेढ्यांऐवजी डबाभर फुगे घेऊन ठाण्यात आल्या. आमच्या सब-इन्स्पेक्टर बाईंनी काळजीनं सल्ला दिला, की आता साइटवर उंबराचं पाणी म्हणजे काय ते सविस्तर लिहून टाका, म्हणजे पुन्हा घोटाळा नको.

बाई म्हणाल्या, "नको गं. ज्याला ठाऊक हाय तो विचारणार नाय. ज्याला ठाऊक नाय तो फोन करून विचारील, मी सांगीन. आणि जो न विचारता उचलील, त्याला तुम्ही हायतच की चहा पाजायला."